शून्याच्या उजवीकडे पहिला अपूर्णांक कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १, १/२, १/३, १/४… अशा, अंश एक असलेल्या अपूर्णांकांत कोणत्याही दोन शेजाऱ्यांमध्ये अंतर असतंच. मग शून्यापासून उजवीकडे निघालं, तर ते एकेक करूनच भेटणार, म्हणजे कुणीतरी पहिला असणारच. तो कोणता? आणि नसेल, तर अनंत अपूर्णांक एकदम येतात कुठून?

पहिला असा कुणीच नाही. समजा, १/न हा पहिला आहे असं तुम्ही म्हणालात. मग १/(न+१) हा त्याच्या डावीकडे आणि तरीही शून्याच्या उजवीकडे आहेच. नैसर्गिक संख्यांना शेवट नाही, म्हणून डावीकडून पाहिलं तर या अपूर्णांकांना सुरुवात नाही. गणिताच्या दृष्टीने उत्तर इथेच संपलं. पण एवढ्याने मनाचं समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा खोलात जातो.

गोची ‘एकेक करून’ या शब्दांत आहे. १ पासून डावीकडे या, ते खरंच एकेक करून भेटतात: आधी १/२, मग १/३, मग १/४. उलट दिशेने तसं होईलच याची हमी कुणी दिली? शून्यावरून ०.०००१ एवढंच पाऊल टाका. १/१०००१, १/१०००२ आणि त्यापुढचे सगळे मागे पडले. पाऊल आणखी लहान करा, एक दशलक्षांश; तरी १/१०००००१ पासूनचे सगळे मागेच. आता ‘क्ष पेक्षा लहान असे किती?’ हे मोजू. क्ष शून्य असेल तर एकही नाही. क्ष शून्याहून जराही मोठा असेल तर अनंत. एक, दोन, पन्नास अशी संख्या मध्ये कधी येतच नाही. मोजणी शून्यावरून थेट अनंतावर जाते हे विचित्र वाटतं, पण त्यात विसंगती काहीच नाही. जिथे मोजणी ‘एक’ भरेल असा बिंदूच संख्यारेषेवर नाही.

इथे दोन विधानं एकमेकांत मिसळतात. पहिलं: कोणताही धन क्ष घ्या, त्याच्याहून लहान अनंत अपूर्णांक सापडतात. दुसरं: असे अनंत अपूर्णांक आहेत, जे प्रत्येक धन क्ष पेक्षा लहान आहेत. पहिलं खरं आहे, दुसरं साफ खोटं. प्रत्येकाला आई असते म्हणून सगळ्यांची आई एकच असते असं होत नाही, तसंच हे. दुसऱ्या विधानात बसेल असा अनंतच काय, एकही अपूर्णांक नाही. १/न दाखवलात की मी क्ष म्हणून १/(न+१) पुढे करीन. शून्याला चिकटून अनंतांचा घोळका उभा आहे हे चित्र म्हणूनच डोक्यातून काढून टाका. क्ष बदलला की त्याच्या मागचे अनंतही बदलतात.

आता अंतरांकडे बघू. मला या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात आवडतो. १/न आणि १/(न+१) यांच्यातलं अंतर १/(न×(न+१)) येतं. १/१०० आणि १/१०१ मध्ये १/१०१००. पण १/१०१ पासून शून्यापर्यंत अजून १/१०१ एवढी जागा उरलीच आहे, म्हणजे नुकत्याच ओलांडलेल्या अंतराच्या शंभरपट! न जितका मोठा, तितकी ही पट मोठी. अंतरं शून्य कधीच होत नाहीत, तरी जागा पुरून उरते. सगळी अंतरं मिळवा: १/२ + १/६ + १/१२ + १/२०… प्रत्येक पद ही दोन शेजाऱ्यांची वजाबाकी असल्यामुळे मधलं सगळं कटतं आणि बेरीज बरोबर १ येते. १६७२ साली पॅरिसमध्ये डच शास्त्रज्ञ हॉयगन्सने तरुण जर्मन गणिती लायब्निट्सला १ + १/३ + १/६ + १/१० + … ही बेरीज विचारली होती. ती याच्याच दुप्पट, म्हणजे २. लायब्निट्सने ती वजाबाकीच्या याच युक्तीने सोडवली.

आता वास्तव संख्यांमधल्या, म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्यांमधल्या, ‘अंतरां’बद्दल. १/३ आणि १/२ यांच्यामधला भाग रिकामा नाही, तिथे फक्त या जातीचा अपूर्णांक नाही. कोणत्याही दोन वेगळ्या वास्तव संख्या घ्या, त्यांची सरासरी त्यांच्यामध्ये पडते. म्हणून ‘लगतची वास्तव संख्या’ अशी गोष्टच नसते, शून्यालाही नाही. हे परिमेय संख्यांनाही (दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येणाऱ्या संख्यांना) लागू आहे, पण त्यांच्यात वेगळ्या प्रकारची भोकं आहेत. ज्यांचा वर्ग २ हून कमी अशा धन परिमेय संख्या एका बाजूला आणि वर्ग २ हून जास्त अशा दुसऱ्या बाजूला ठेवा: डाव्या गटात सर्वांत मोठी नाही, उजव्यात सर्वांत लहान नाही, आणि मध्ये कुणीही नाही. जर्मन गणिती डेडेकिंडने १८७२ मध्ये असे छेद, म्हणजे संख्यांचे असे दोन गट, घेऊनच वास्तव संख्या रचल्या. वास्तव संख्यांत त्याच जागी २ चं वर्गमूळ बसतं, आणि वास्तव संख्यांचे असे कुठलेही दोन गट पाडले तरी सीमेवर एक संख्या सापडतेच.