चढाला यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक) दम टाकते, प्लग पांढरा पडतो. काय बघू?

जांबोटीपुढं चोर्ला घाटाच्या चढाला फुल थ्रॉटलवर गाडी दम टाकते आणि प्लग खडूसारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त होतेय. लगेच जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक नळी) बदलू नका, आधी हवा कुठून ओढते ते शोधा. गाडी आयडलला ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर चीर तिथंच. नाहीतर मॅग्नेटोकडचं (ठिणगीसाठी वीज बनवतो त्या बाजूचं) क्रँक सील, म्हणजे क्रँकभोवतीची रबरी रिंग, गेलं असेल. मॅग्नेटोचं कव्हर काढलं की कॉइल प्लेटमागं तेलाचा ओला डाग दिसेल. (क्लचकडचं सील गेलं असतं तर गिअर ऑइल जळून धूर सुटला असता.) माझ्या गाडीचं हेच सील राहून गेलं, पिस्टन जाम झाला आणि सिलिंडर बोअर (आतून घासून मोठा) करावा लागला. इंजिनात टू-टी ऑइल सोडणाऱ्या पंपाची केबल ढिली नाही ना, तेही बघा; ऑइल कमी पडलं तरी पिस्टन जाम होतो. तोवर घाटात नेऊ नका, हात जोडून सांगतो.