संध्याकाळी सहाची खा खा

“दिवसभर मी अगदी शहाण्यासारखी वागते हो. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की सगळं संपतं. पर्स अजून खांद्यावरच असते आणि चिप्सचं पाकीट फोडून झालेलं असतं. मग रात्री दहाला चॉकलेट. माझा मनावर ताबाच नाही, दुसरं काय?”

वजन कमी करायला निघालेल्या बहुतेकांच्या तोंडी हे गाऱ्हाणं कधी ना कधी येतंच. इथे ते 41 वर्षांच्या, बैठं काम करणाऱ्या एका बाईंचं आहे. उंची 160 सेंटिमीटर, वजन 78 किलो. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) खाणं कमी केल्यावर पहिल्या महिन्यात 3 किलो उतरले होते आणि नंतर चार महिने काटा जागचा हलला नव्हता.

दिवसभरात काय खाता, यावर त्यांचं पहिलं उत्तर होतं, “फारसं काहीच नाही.” पाच वाजेपर्यंत ते खरंही होतं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी सॅलड, पातळ सूप, ब्रेडचा एक तुकडा, एक फळ. सगळं मिळून सुमारे 450 कॅलरी, त्यात प्रथिनं जेमतेम 12 ग्रॅम. पुढचं मात्र त्यांनी कधी मांडून पाहिलं नव्हतं. चिप्सचं 100 ग्रॅमचं पाकीट म्हणजे 530 कॅलरी, रात्रीचं जेवण 700, मोठ्या चॉकलेटमधला 50 ग्रॅमचा तुकडा 270. बेरीज 1950. त्यांच्या वयाच्या आणि बांध्याच्या, बैठं काम करणाऱ्या बाईचं शरीर दिवसाला साधारण तेवढंच खर्च करतं. म्हणजे उपासमारीचा सगळा त्रास सोसून त्या वजन आहे तिथेच ठेवणारा आहार घेत होत्या.

मनावर ताबा नाही, हा आरोप आधी बाजूला ठेवावा लागतो, कारण तो डोक्यात असला की माणूस नोंदी खऱ्या लिहीत नाही. अमेरिकेत 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे रोज सुमारे 1570 कॅलरींवर ठेवलं होतं. हे सगळे स्वखुशीने आलेले, निवडून घेतलेले लोक. तरी ते दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही कितीतरी दिवस त्यांचं समाधान होईना. 450 कॅलरींवर संध्याकाळ गाठणाऱ्या बाईंनी चिप्स फोडले, तर त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठून आला?

पहिला आठवडा आहारात काहीच बदल करायचा नाही, फक्त लिहायचं, असं ठरलं. वहीत चार रकाने: वेळ, भुकेचा आकडा, काय खाल्लं, आणि खाण्याच्या अगदी आधी काय चाललं होतं. भुकेचा आकडा 0 ते 10. शून्य म्हणजे पोट तुडुंब, 10 म्हणजे हातपाय गळालेले. कॅलरी मुद्दाम लिहायला लावल्या नाहीत, कारण त्या लिहायला लागलं की माणसं वहीसाठी जेवू लागतात. आकडा खाण्याआधी लिहायचा, एवढीच अट.

सात दिवसांच्या नोंदींतून जे दिसलं त्याने त्यांनाच आश्चर्य वाटलं. संध्याकाळी सव्वासहाला आकडा रोज 8 किंवा 9. रात्री दहाला रोज 2 किंवा 3. आणि शनिवारी दुपारी एकदा, आकडा 4 असताना, अर्धा केक. ज्याला त्या एकच दुखणं समजत होत्या, ती तीन वेगळी प्रकरणं निघाली. तिघांवर एकच औषध, म्हणजे ‘निग्रह’, चालवून बघितलं होतं, म्हणून एकही बरं झालं नव्हतं.

सव्वासहाची भूक खरी होती, आणि खऱ्या भुकेला खायला द्यावं लागतं. प्रश्न फक्त कधी आणि काय, एवढाच. सकाळ अशी ठरली: दोन अंडी, ब्रेडचे दोन तुकडे, 250 मिली दूध. साधारण 430 कॅलरी, 25 ग्रॅम प्रथिनं. (अंडी न खाणाऱ्यांनी पाणी निथळलेलं घट्ट दही 200 ग्रॅम घ्यावं, त्यातून 16 ते 20 ग्रॅम प्रथिनं मिळतात.) दुपारी शिजवलेलं कडधान्य 150 ग्रॅम, उकडलेला बटाटा 150 ग्रॅम, भाज्या 200 ग्रॅम, दही 100 ग्रॅम आणि मोजून एक चमचा तेल, म्हणजे 500च्या आसपास कॅलरी आणि पुन्हा 24-25 ग्रॅम प्रथिनं.

बटाटा ऐकून बाई दचकल्या. बिचाऱ्याचं नाव उगाच खराब आहे. 1995 साली सिडनी विद्यापीठात 38 पदार्थ प्रत्येकी 240 कॅलरी एवढेच खायला देऊन दोन तास भूक मोजली गेली. पोट भरण्यासाठी पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले, सगळ्यांत जास्त. क्रॉसाँला, म्हणजे लोण्याच्या थरांच्या फ्रेंच पावाला, 47, सगळ्यांत कमी. बटाट्यात पाणी भरपूर, वजनाच्या मानाने कॅलरी कमी, आणि तो चावायला, गिळायला वेळ लागतो. तोच तळून चिप्स केला की पाणी जातं, तिथे तेल येतं आणि 100 ग्रॅमच्या 85-90 कॅलरींच्या 530 होतात.

नाश्ता भरपूर केला की संध्याकाळ आपोआप सुधारेल, असंही नसतं. दुपारच्या जेवणानंतर सव्वापाच तासांनी कोणालाही भूक लागेल. म्हणून मधे 200 कॅलरींचं ठरवलेलं खाणं ठेवलं: 20 ग्रॅम शेंगदाणे आणि एक सफरचंद. इथेच पहिली चूक झाली. शेंगदाणे मोठ्या बरणीतून मुठीने घेतले जात होते. तिसऱ्या दिवशी काट्यावर टाकून बघितलं, तर ते 60 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी भरले. शेंगदाणे, बदाम, चीज हे पौष्टिक खरं, पण अंदाजाने घ्यायच्या गोष्टी नव्हेत. रविवारी पाच छोट्या डब्या भरून ठेवायच्या, रोज एक न्यायची, बरणी वरच्या फळीवर.

दुसरी चूक वेळेची. त्या हे घरी पोचल्यावर खात होत्या. तोवर आकडा 8 झालेला, आणि 8ला माणूस चावत नाही, गिळतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला 15 ते 20 मिनिटं लागतात. त्या वेळात चिप्सचं आख्खं पाकीट सहज संपतं. खाणं कामावरून निघण्याआधी, पाच वाजता, आकडा 5 असताना घ्यायला सुरुवात केली, आणि घराच्या दारात तो 4च्या वर गेला नाही. पदार्थ तोच, फक्त तासभर अलीकडे आणला. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग याच एका बदलाचा झाला.

कडधान्याबद्दल एक सावधगिरी. दुपारी एकदम 150 ग्रॅम घेतल्यावर पोट फुगलं, वायू धरला, आणि बाईंनी ते बंदच करायचं ठरवलं होतं. तंतूंची सवय नसलेल्या आतड्यांना वेळ द्यावा लागतो. 50 ग्रॅमपासून सुरुवात करून दहा दिवसांत 150वर यावं, रात्रभर भिजवून ते पाणी टाकावं, दिवसभरात पाणी वाढवावं.

आता रात्री दहाचं. आकडा 2 असताना जे हवंसं वाटतं ती भूक नव्हे, ते तोंड चाळवणं. ओळखायची खूण सोपी आहे: स्वतःला विचारायचं, आत्ता बिनमिठाचा उकडलेला बटाटा चालेल का? खऱ्या भुकेला चालतो. “नाही, चॉकलेटच हवं” असं उत्तर आलं, तर पोट काही मागत नाहीये. रोज त्याच वेळी, त्याच कोचावर, हातात तोच फोन, सोबत तेच चॉकलेट असं महिनोन्‌महिने चाललं की त्या कोचावर बसणं हाच इशारा होतो. पोटातून स्रवणारं भुकेचं संप्रेरक, ग्रेलिन, तेसुद्धा रोजच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं, त्यामुळे ही ओढ काल्पनिक असते असं मुळीच नाही.

अशा वेळी “खायचं नाही, खायचं नाही” असं घोकणं निरुपयोगी, कारण घोकताना डोळ्यांपुढे चॉकलेटच असतं. ओढ ही बरीचशी चित्रावर चालते. म्हणून डोळ्यांना दुसरं काम द्यायचं. टेट्रिससारखा ठोकळे जुळवण्याचा खेळ तीन मिनिटं खेळल्यावर ओढ कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. बाईंनी कोचाची जागा सोडून खुर्ची धरली, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला आणि 20 मिनिटांचा गजर लावून चित्रकोडं काढलं. ओढ लाटेसारखी चढते आणि तिला काही घातलं नाही तरी ओसरते, हे एकदा स्वतः अनुभवावं लागतं, सांगून पटत नाही. 20 मिनिटांनी आकडा 4 किंवा जास्त असेल, तर मात्र ती भूक आहे. मग एक कप दूध किंवा दही, बसून, बशीत घेऊन.

नोंदींत आणखी एक बारीक गोष्ट होती. त्या एकला झोपून सहाला उठत होत्या. झोप तोडली की ग्रेलिन वाढतं आणि तृप्तीची खबर देणारं लेप्टिन उतरतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोनच रात्री चार-चार तास झोपलेल्या तरुणांमध्ये लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं आणि ग्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. दिवे साडेअकराला बंद करायचं ठरलं. प्रत्यक्षात बारा वाजतच राहिले. तरी तास वाढला.

शनिवारचा केक हा बंदीचा परिणाम होता. पाच दिवस गोड वर्ज्य, सहाव्या दिवशी कोणीतरी एक तुकडा पुढे केला, तो खाल्ला, आणि “आता बिघडलंच आहे तर” म्हणून बाकीचा. यावर उतारा म्हणजे बंदी उठवणं, पण मापात: आठवड्यातून तीनदा, रात्रीच्या जेवणानंतर लगेच, 20 ग्रॅम चॉकलेट, 110 कॅलरी. मोठी वडी घरात आणायची नाही, छोट्याच घ्यायच्या.

तरी तिसऱ्या आठवड्यात 100 ग्रॅमची वडी घरात आली आणि एका बैठकीत संपली. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून बाईंनी नाश्ता टाळला, आणि सहा वाजता वहीत पुन्हा 9. घसरण्यापेक्षा ही भरपाईच जास्त महागात पडते. हिशेब बघा: एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. वडीच्या 540 कॅलरींतून फार तर 70 ग्रॅम चरबी होईल. पण सकाळी काट्याने 1.2 किलो जास्त दाखवले, आणि त्या रडकुंडीला आल्या. ते पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेसोबत, सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. पहिल्या महिन्यात भराभर उतरलेल्या 3 किलोंतही त्याचाच वाटा मोठा होता. चार दिवसांत काटा पूर्ववत झाला. पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं, एवढंच करायचं असतं.

पाळीच्या आधीचे पाच दिवस आकडे एका अंकाने चढत. त्या दिवसांत 150 कॅलरी मुद्दाम वाढवल्या. झगडून काही मिळत नव्हतं.

रात्रीचं जेवण 500 कॅलरींवर बसलं. दिवसाची बेरीज 1620च्या आसपास, म्हणजे खर्चाच्या मानाने तूट साधारण 330. अशा तुटीत महिन्याला सव्वा किलोच्या आसपास वजन उतरतं. जाहिराती बघितलेल्या माणसाला हे फारच थोडं वाटतं, बाईंनाही वाटलं. बारा आठवड्यांनी वजन 74.6 होतं.

इथे थोडं थांबून काही जणांना बाजूला काढायला हवं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि भुकेसोबत घाम, थरथर, धडधड असेल, तर गजर लावून लाट ओसरायची वाट बघायची नाही. ती साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. 15 ग्रॅम ग्लुकोज लगेच, 15 मिनिटांनी पुन्हा साखर तपासणी. भूक, तहान वाढून वजन आपोआप घटत असेल, तर आधी रक्त तपासा. स्टेरॉइड आणि मनोविकारांवरची काही औषधं भूक वाढवतात, ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं त्यांना विचारूनच. आणि आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, ताबा सुटून पोट दुखेपर्यंत खाल्लं जात असेल, मग लपवावंसं, तोंड चोरावंसं वाटत असेल, तर तो खाण्याचा विकार असू शकतो. अशा वेळी वजन कमी करण्याचा विषय थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं आधी.

बाराव्या आठवड्यात बाई नवी तक्रार घेऊन आल्या. सगळं तसंच चालू असताना पाचचा आकडा 5 ऐवजी 7 येत होता. यात त्यांची चूक काही नव्हती. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो. एका अंदाजानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे 100 कॅलरींची भूक वाढते, म्हणजे त्यांच्या बाबतीत 300हून जास्त. त्यात आणखी तूट ओढली असती, तर चिप्स परत आले असते. म्हणून दोन आठवडे तूट बंद. सकाळी ब्रेडचा आणखी एक तुकडा, दुपारी बटाटा 150चा 250 ग्रॅम, पाचला शेंगदाण्यांची डबी 20 ऐवजी 30 ग्रॅमची, रात्रीच्या जेवणात 150 कॅलरी जास्त. वही चालूच. पहिल्या चार दिवसांत वजन 600 ग्रॅमने चढलं आणि तिथेच थांबलं. दहाव्या दिवशी पाचच्या रकान्यात पुन्हा 5 लिहिलेलं होतं.