उलथापालथीच्या वर्षानंतर शहर खरंच बदलतं, की सगळं जैसे थे होतं?

महामारी, आग, भूकंप असलं एखादं वर्ष गेल्यावर शहर आणि तिथलं सांस्कृतिक जीवन खरोखर बदलतं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ज्याची तयारी आधीपासून होती आणि ज्याच्या आड कुणाची मालकी येत नाही, तेवढंच टिकाऊपणे बदलतं.

लंडनचंच घ्या. १६६६ च्या सप्टेंबरात आगीत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च खाक झाली. राख निवायच्या आत वास्तुकार ख्रिस्तोफर रेनने राजापुढे नवा नकाशा ठेवला, रुंद सरळ रस्ते आणि ऐसपैस चौकांचा. पाठोपाठ लेखक जॉन एव्हलिननेही आपला नकाशा दिला. दोन्ही देखणे, आणि दोन्ही कागदावरच राहिले. राखेखालच्या प्रत्येक तुकड्याला मालक होता आणि तो विकत घ्यायला सरकारकडे पैसा नव्हता. त्यात भाडेकरारांची मेख अशी, की घर जळालं तरी भाडं चालू आणि घर पुन्हा बांधायचं तेही बहुतेकदा भाडेकरूनेच! हे तंटे सोडवायला खास न्यायालय नेमलं गेलं. न्यायाधीश बिनपगारी बसत आणि मालक-भाडेकरूंना समोरासमोर आणून बांधायचं कुणी, त्या बदल्यात भाडं किती घटवायचं, करार किती वर्षं वाढवायचा, हे ठरवून देत. रेनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं; मी मात्र शहर उभं केल्याचं निम्मं श्रेय या निवाड्यांना देईन. रस्ते काही ठिकाणी रुंद झाले, पण आखणी बरीचशी जुनीच राहिली. १६६७ च्या कायद्याने नवी घरं विटेची किंवा दगडाची बांधणं सक्तीचं केलं, तो बदल टिकला.

लिस्बनमध्ये याच्या उलट घडलं. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप, मग त्सुनामी, मग आग. त्याच वर्षी सुरू झालेलं भव्य ऑपेरागृहही त्यात गेलं. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या हाती राजाने कारभार सोपवला आणि सखल भागातल्या जुन्या गल्ल्या जाऊन तिथे काटकोनी रस्ते आले. भिंतींच्या आत धक्का सोसणारा लाकडी सांगाडा बसवला, त्याला तिथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. काम अव्वल, यात वाद नाही. पण मालकीचा गुंता इतक्या झटपट सुटला, कारण नाही म्हणायची सोय फारशी कुणाला नव्हती. पोंबालचं कौतुक वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

२०२० मध्ये पॅरिसने रातोरात सायकल-मार्ग आखले आणि त्यातले बरेच पुढे कायम झाले. मोटारींची जागा कमी करायचं तिथल्या पालिकेचं धोरण आधीपासूनच होतं. साथीमुळे विरोध तात्पुरता थंडावला, इतकंच.

संस्कृतीचं गणित वेगळं आहे. त्या वर्षी जूनमध्ये बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरागृहात २,२९२ खुर्च्यांवर कुंड्या ठेवून चार तंतुवादकांनी मैफल केली. फोटो जगभर फिरले आणि ती रोपं नंतर आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली गेली. कल्पना मला आवडली, पण तिने नवा कलाप्रकार वगैरे जन्माला घातला नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची नाट्यगृहं मार्च २०२० मध्ये बंद पडली, ती जवळपास दीड वर्ष. उघडली तेव्हा खेळ बहुतांशी तेच, खुर्च्या त्याच. प्रेक्षकाला जुनंच हवं असतं, आणि त्यात काही गैर नाही. खरी पडझड पडद्यामागे होते. दिवे लावणारा, कपडेपट सांभाळणारी, ध्वनी बघणारा यांच्यातल्या पुष्कळांना नाट्यगृहाचा पगार नसतो, कामाप्रमाणे पैसे मिळतात. वर्ष-दीड वर्ष काम नसेल, तर अशी माणसं दुसरी नोकरी धरतात आणि थिएटर उघडलं म्हणून ती सोडतीलच असं नाही. म्हणून कुठल्याही शहराबद्दल ‘रंगभूमी पूर्वपदावर आली’ असं वाचलं, की मी आधी तिथे तंत्रज्ञ मिळतायत का ते बघतो.