११ दिवसांनी परत आलेली मनी कपाटाखालून बाहेरच येत नाही, काय करावं?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात: मनी अडीच वर्षांची, बेळगावच्या शहापुरातलं कौलारू घर. भर पावसात ११ दिवस गायब होती, येळ्ळूर रोडच्या शेतवडीत सापडली. ४ किलोची ३ किलो झालीय. कपाटाखालून हलत नाही, आणि सोबत वाढलेला बोका तिच्यावर फिस्कारतोय. ती आम्हाला विसरली का, असं तुम्ही विचारलंय.

विसरलेली नाही. पण तो प्रश्न पुढच्या आठवड्याचा, आजचा प्रश्न पोटाचा आहे.

अशा वेळी घरात पहिली गोष्ट होते ती म्हणजे वाटीभर दूधभात. नेमकं तेच टाळा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भात गेला की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. मांजर पोटभर जेवतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मान खाली टाकतं, धापा टाकतं, लघवी लालसर-तपकिरी होते. असं दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. दुधाचं वेगळंच: मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही, जुलाब लागतात आणि आधीच सुकलेलं शरीर आणखी सुकतं.

३ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १६० कॅलरी लागतात, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम उकडलेलं, कातडी काढलेलं चिकन. पहिल्या दिवशी त्याचा तिसरा हिस्साच द्यायचा: ३०-३५ ग्रॅम, ५-६ वेळा विभागून, दर वेळी एक चमचाभर. दुसऱ्या दिवशी ५०-६०, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण १००. मीठ, हळद, मसाला काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, रश्शातलं धुऊन काढलेलं चिकनही नको, कारण कांद्या-लसणाचा अंश मांसात उतरलेला असतो आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तोंड लावत नसेल तर चिकन किंचित कोमट करा, नाहीतर उकडलेल्या बांगड्याचं काटे काढलेलं चिमूटभर मांस वर कुस्करा, वासानं भूक उघडते. नुसत्या चिकनवर चार-पाच दिवस चालेल. पुढं मांजरांच्या तयार खाद्यावर आणा, चिकनमध्ये कॅल्शियम नसल्यात जमा असतं.

उलट, घरी आल्यावर पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तरी दवाखाना. मांजराचं शरीर उपाशीपोटी अंगातली चरबी यकृतात साठवायला लागतं. कानाच्या आतली कातडी, हिरड्या पिवळट दिसल्या तर तेच चाललंय समजा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा: लगेच बसली नाही, किंवा हिरडीला बोट लावल्यावर ती चिकट लागली, तर सलाईनची गरज आहे. सिरिंजनं घशात पाणी ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं.

तसंही एकदा जनावरांच्या दवाखान्यात दाखवाच. दुसऱ्या मांजराचा दात लागला असेल तर वरचं भोक दोन दिवसांत बुजतं आणि आत पू धरतो. गालावर, पायावर, शेपटीच्या बुडाशी गरम सूज आहे का चाचपून बघा. जखम धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ पुरे. डेटॉल वापरू नका, मांजर ते चाटतं आणि त्याला ते विष आहे. तापाला पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीनंही मांजर दगावतं. पिसवा-गोचिडांसाठी औषध घेताना पाकिटावर मांजराचं चित्र बघून घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याचे थेंब मांजराला झटके आणतात. आंघोळ सध्या नको. ओल्या फडक्यानं पुसलं तरी बास.

ती तुम्हाला चावली किंवा ओरखडली तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. घरचंच मांजर आहे म्हणून सोडू नका, ११ दिवस ते बाहेर होतं.

आता कपाट. तिला तिथून ओढून काढू नका. शेजारपाजाऱ्यांना बघायला बोलवू नका. घरातली सगळ्यात शांत, लहान खोली तिला द्या आणि दार बंद ठेवा. कौलारू घरात माळ्याकडं जाणारी फट आणि भिंत-वाशांमधली पोकळी पुठ्ठ्यानं बंद करा, घाबरलेलं मांजर वरच चढतं आणि कौलांतून निसटतं. एका कोपऱ्यात आडवा खोका, त्यात तिचीच जुनी गोधडी, न धुतलेली. दुसऱ्या टोकाला पसरट टबात दोन इंच कोरडी वाळू. खाणं आणि वाळू शेजारी ठेवलं तर दोन्ही टाकून देते. दिवसातून दोनदा तरी वाळू ओली झाली पाहिजे. वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही दिवसातून तीन-चार वेळा ठरल्या वेळी जा, जमिनीवर, तिच्याकडं पाठ किंवा कूस करून बसा. फोन बघत बसलात तरी चालेल. टक लावून बघायचं तेवढं नाही. बोट तिच्या नाकाच्या उंचीवर लांबूनच धरा आणि पुढचं तिच्यावर सोडा. तिनं गाल घासला की कामाचा निम्मा भाग झाला.

बोक्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या लेखी ही मनीच नाही. मांजरं एकमेकांना वासानं ओळखतात, आणि तिच्या अंगाला चिखलाचा, दुसऱ्या मांजरांचा वास आहे. दवाखान्यात जाऊन आलात तर त्यात औषधांची भर. म्हणून निदान आठवडाभर दोघं वेगळी. कोरडा पायमोजा बोक्याच्या गालांवर घासा आणि मनीच्या ताटलीखाली ठेवा, दुसरा मनीवर घासून बोक्याच्या ताटलीखाली. रोज नवीन. त्या वासासमोर दोघं निवांत जेवायला लागली की ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना, सहा-सहा फुटांवरून सुरू करून रोज थोड्या जवळ आणा. मग दार दोन इंच उघडं, मग समोरासमोर पाच मिनिटं. फिस्कारणं चालतं. अंग ताठ, कान चपटे, नजर खिळलेली दिसली की मधे पुठ्ठा सरकवा आणि दोन दिवस मागं जा. हात मधे घालू नका. घाईच इथं घात करते. पहिल्याच दिवशी 'भेटू दे एकदा' म्हणून सोडलं आणि मारामारी झाली, की पुढं महिनाभर निस्तरावं लागतं.

बाहेर सोडायचं किमान तीन आठवडे नाव नको. आणि मधे गणपती येताहेत: दारं सताड उघडी, फटाके, पाहुणे. विसर्जनाची मिरवणूक तर आपल्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दिवसांत खोलीला बाहेरून कडी आणि कडीला चिठ्ठी. नसबंदी झाली नसेल तर तीन आठवड्यांत वजन भरल्यावर डॉक्टरांशी बोला. ती गाभण असू शकते, मांजराचे दिवस ६३ ते ६५ असतात, तेव्हा तारीख मोजून ठेवा.