फी थकली, म्हणजे कर्ज झालं का?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही एडिसनला राहतो, दोघंही ग्रीन कार्डवर. मी इथल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होते. १८ क्रेडिट्स झाली होती. पुढच्या सेमिस्टरच्या पाचव्या आठवड्यात ठाण्याला बाबांची बायपास ठरली आणि मी सगळं सोडून निघाले. त्या सेमिस्टरची ९,३०० डॉलर फी फेडरल लोनमधून भरलेली होती. परत येते तर हातात युनिव्हर्सिटीचं ६,२०० चं बिल! आता ते वसुली एजन्सीकडे गेलंय आणि आकडा ८,०६० झालाय. ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवलंय. त्यात यांची नोकरी गेली, क्रेडिट कार्डांवर २१,००० चढलेत. बँकरप्सी (दिवाळखोरी) फाइल करावी म्हटलं, तर ज्याला त्याला हेच म्हणायचं असतं की शिक्षणाचं कर्ज त्यात सुटतच नाही. खरं का? सिटिझनशिपला अडचण येईल का? आणि ठाण्याच्या फ्लॅटवर बाबांनी माझंही नाव लावलंय, तो यात येतो का?

उत्तर : ताई, मी वकील नाही. बँकरप्सीचीच कामं घेणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात माझी बरीच वर्षं फायली लावण्यात गेली. तेव्हा खाली लिहिलंय ते डोळ्यांखालून घालून मग वकिलाकडे जा. पहिली भेट बरेच जण फुकट देतात.

तुम्ही ज्याला एक देणं म्हणताय, ती दोन आहेत. टर्मच्या साठ टक्क्यांच्या आत कोर्स सोडला तर फेडरल मदत दिवसांच्या हिशेबाने 'कमावलेली' धरतात. पंधरातले पाच आठवडे म्हणजे साधारण एक तृतीयांश. त्यामुळे ९,३०० पैकी ३,१०० तुमच्या लोनमध्ये राहिले आणि ६,२०० युनिव्हर्सिटीने सरकारला परत पाठवले. तेवढ्यानं तुमचं सरकारी कर्ज कमी झालं, हे बिल बघून संतापलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. मात्र युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या नियमानुसार तुमची फी पूर्ण लागू होती, म्हणून ते भगदाड त्यांनी तुमच्या खात्यावर टाकलं.

३,१०० आणि आधीच्या टर्म्सचं जे काही फेडरल लोन असेल, ते खरं कर्ज. त्याच्याबाबतीत लोक म्हणतात ते बहुतांशी बरोबर आहे. १९७६ साली काँग्रेसने पहिल्यांदा पाच वर्षांची अट घातली, १९९० मध्ये ती सात केली आणि १९९८ मध्ये मुदतच काढून टाकली. तेव्हापासून 'अनड्यू हार्डशिप' म्हणजे असह्य हलाखी सिद्ध केल्याशिवाय ते सुटत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून न्याय खात्याने त्यासाठी एक ठरावीक फॉर्म आणला, त्याने वाट थोडी रुंद झाली. पण तुमचं वय आणि शिक्षण पाहता त्या वाटेला मी जाणार नाही. उत्पन्नावर बेतलेला हप्ता मागा आणि पुढे चला.

आता ६,२००. हे पैसे तुम्हाला कोणी उसने दिले? कोणीच नाही. तुम्ही वर्गात बसलात, पैसे आले नाहीत, खातं उघडं राहिलं. बँकरप्सी कायद्याचं कलम ५२३(ए)(८) बोलतं ते 'लोन'बद्दल. दुसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे फेडरल अपील कोर्टांचा विभाग) अपील कोर्टाने २००० साली कॅझेनोव्हिया कॉलेजच्या खटल्यात सांगितलं की नुसती थकलेली फी म्हणजे लोन नव्हे. शिकागोच्या डीपॉल युनिव्हर्सिटीला सातव्या सर्किटने २००३ मध्ये तेच ऐकवलं. आणि आपलं न्यू जर्सी ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये येतं, तिथे २००२ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीचा खटला झाला, त्यातही युनिव्हर्सिटी हरली. थोडक्यात, हे देणं क्रेडिट कार्डाच्या रांगेत बसतं आणि चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे देणी थेट माफ होतात त्या बँकरप्सीच्या प्रकारात, सुटू शकतं.

'सुटतंच' लिहिलं नाही, त्याला कारण आहे. या कोर्टांनी पाहिलं ते एवढंच की फी उशिरा भरायची असं दोघांनी आधी ठरवलं होतं का. ठरवलं असेल, तर उधारीसुद्धा कर्ज होऊ शकते. मिशिगनमधल्या अँड्रूज युनिव्हर्सिटीच्या खटल्यात १९९२ मध्ये तसंच झालं. कॉलेजांच्या वकिलांनी हे निकाल वाचले आणि नोंदणीच्या वेळी 'आय अ‍ॅग्री'च्या चौकोनावर टिचकी मारायला लावून एक लांबलचक मजकूर गळ्यात बांधायला सुरुवात केली. त्यात साधारण असं असतं की ही नोंदणी म्हणजे प्रॉमिसरी नोट आहे, हे कलम ५२३(ए)(८) खालचं शैक्षणिक कर्ज आहे आणि ते बँकरप्सीत माफ होणार नाही हे मला मान्य आहे. नुसतं नाव दिल्याने फी लोन होत नाही, असं तुमचा वकील म्हणेल. समोरचा हाच कागद फडकवेल. म्हणून पहिलं काम : स्टुडंट पोर्टल बंद व्हायच्या आत प्रत्येक टर्मच्या त्या कराराची प्रत उतरवून घ्या, तारखेसकट. वसुलीचा खर्च तुमच्या माथी मारायचं कलम त्यात आहे का, तेही बघा. ६,२०० चे ८,०६० म्हणजे बरोबर तीस टक्के चढवलेत. तो आकडा करारात नसेल तर एजन्सीला लेखी हिशेब मागा. आणि 'सद्भावना म्हणून पन्नास डॉलर तरी भरा' असं त्यांच्या माणसाने फोनवर गळ घातली तर भरू नका. न्यू जर्सीत करारावरच्या दाव्याची मुदत सहा वर्षं आहे आणि थोडे पैसे भरले की तिचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लागू शकतं.

(जाता जाता : कॅझेनोव्हिया कॉलेज स्वतःच २०२३ मध्ये कायमचं बंद पडलं. कर्जरोख्यांचे अडीच कोटी डॉलर फेडता आले नाहीत. कॉलेजने दिवाळखोरी जाहीर केली की त्याची फेडरल मदतीची पात्रता जाते, त्यामुळे त्या दारानं आत जायची सोय कॉलेजांना जवळपास नसतेच. विद्यार्थ्याला निदान ती आहे.)

ट्रान्सक्रिप्टसाठी तर बँकरप्सीची वाटही पाहू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फेडरल नियमाप्रमाणे, ज्या टर्मला तुम्ही फेडरल मदत घेतली आणि जिची फी पूर्ण भरली गेली, तिची क्रेडिट्स अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर द्यावीच लागतात. तुमची १८ क्रेडिट्स त्याआधीच्या, फी चुकती झालेल्या टर्म्सची आहेत. आजच रजिस्ट्रारला ईमेल करा, त्यात नियमाचा उल्लेख करा आणि फोनवर मिळालेल्या 'होल्ड आहे' या उत्तरावर थांबू नका. फोनवर बोलणारी मुलगी स्क्रीनवरचा लाल शेरा वाचत असते, नियम नाही. पुढे केस फाइल केलीत तर 'ऑटोमॅटिक स्टे' लागतो, म्हणजे त्या क्षणापासून वसुलीचा प्रत्येक प्रकार थांबवावा लागतो. फीसाठी ट्रान्सक्रिप्ट अडवणं हाही वसुलीचाच प्रकार. पदवी पूर्ण झाल्याची तारीख गाळून अर्धवट ट्रान्सक्रिप्ट देणाऱ्या कॅलिफोर्निया कोस्ट युनिव्हर्सिटीला याच तिसऱ्या सर्किटने २०२१ मध्ये स्टेचा भंग केल्याबद्दल जबाबदार धरलं आणि विद्यार्थिनीच्या वकिलाची फीही भरायला लावली. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत नसेल तर वकील बदला.

नुसती फीच थकली असती तर बँकरप्सी करू नका म्हटलं असतं. बर्सर ऑफिसशी (युनिव्हर्सिटीचा फी-विभाग) घासाघीस करून तडजोड होते. पण २१,००० ची कार्डं आणि गेलेली नोकरी पाहता विचार करण्यासारखं आहे. चॅप्टर ७ ची कोर्टाची फी ३३८ डॉलर, वकिलाची वेगळी. तुम्ही एकटीने फाइल करू शकता, पण मीन्स टेस्टमध्ये (चॅप्टर ७ ला पात्र आहात का याची उत्पन्न-चाचणी) घरचं उत्पन्न मोजताना यजमानांचंही धरतात. क्रेडिट रिपोर्टवर नोंद दहा वर्षं राहू शकते. यादीत युनिव्हर्सिटी आणि एजन्सी, दोघांची नावं घाला. आणि डिस्चार्जचा, म्हणजे देणी माफ झाल्याचा, कागद आला म्हणून निर्धास्त होऊ नका : त्यावर कुठलं देणं सुटलं आणि कुठलं नाही, हे लिहिलेलं नसतं. युनिव्हर्सिटीने पुढे तगादा लावला तर त्याच कोर्टात 'हे लोन नव्हे' असा निवाडा मागता येतो. त्या दाव्याला कर्जदाराकडून कोर्टाची फी घेत नाहीत.

सिटिझनशिपच्या एन-४०० अर्जात बँकरप्सी केली का, असा प्रश्नच नाही. कर थकलाय का, हे विचारतात. सरकारी अधिकाऱ्याशी कधी खोटं बोललात का, हेही विचारतात. आणि इथेच तुमचा ठाण्याचा फ्लॅट आडवा येतो.

आपल्या माणसांच्या फायली अडकतात त्या इथे. फी, कार्डं सगळं नीट लिहितात आणि तिकडचा फ्लॅट लिहीत नाहीत. 'तो बाबांचा आहे हो!' असेल. पण फॉर्ममध्ये मालमत्ता 'जिथे असेल तिथली' मागतात आणि खाली सही शपथेवर असते. शपथेवर खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा. देणं ६,२०० चं आणि धोका एवढा. ट्रस्टीबरोबरची (तुमची केस तपासायला नेमलेला माणूस) भेट आता बहुतेक झूमवर होते आणि तिथे परदेशात काही मालमत्ता आहे का, हा प्रश्न आपली आडनावं दिसली की हमखास येतो.

फ्लॅटचे सगळे पैसे बाबांनी भरले असतील आणि तुमचं नाव केवळ वारसाची सोय म्हणून असेल, तर तसं मांडता येतं. त्यासाठी खरेदीखत आणि बाबांच्या बँकेचे त्या वेळचे उतारे हवेत. ते मागवा. तुमचा हिस्सा खरा ठरला तर चॅप्टर ७ सोडून चॅप्टर १३ (काही वर्षं हप्त्यांनी देणी फेडायचा प्रकार), किंवा बँकरप्सी न करणं, हाच शहाणपणाचा मार्ग निघू शकतो. एक मात्र करू नका : घाईघाईने हक्कसोडपत्र करून नाव काढू नका. मागच्या दोन वर्षांतली हस्तांतरणं फॉर्ममध्ये विचारतात आणि वर्षभराच्या आत मालमत्ता दडवण्यासाठी केलेला व्यवहार दिसला तर अख्खा डिस्चार्जच नाकारतात. बाबांना हे सगळं कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण कागद मागताना कारण सांगावंच लागेल.

प्रश्न : मुलगा ओहायोत आहे. त्याच्या शिक्षणाचं कर्ज सांगलीच्या बँकेतून काढलं, मी सहकर्जदार आणि राहतं घर तारण. त्याने तिकडे बँकरप्सी केली तर आमचं कर्ज सुटेल का?

उत्तर : नाही, साहेब. एक तर ते खरं शैक्षणिक कर्ज आहे, तिकडे मुलालाच ते सुटणं कठीण. आणि समजा सुटलं, तरी अमेरिकेतला डिस्चार्ज फक्त फाइल करणाऱ्यापुरता असतो. सहकर्जदाराची जबाबदारी आणि घरावरचा बोजा जसाच्या तसा राहतो. हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खातं एनपीएत (बुडीत खात्यांत) जातं आणि मग सरफेसी कायद्याची (बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस घरी येऊ शकते. त्याच्या आत, म्हणजे याच महिन्यात, शाखाधिकाऱ्याला भेटा आणि मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या. पोच घ्या. मुलाला म्हणावं, तिकडच्या वकिलाला पैसे द्यायच्या आधी इकडचा एक हप्ता पाठव.