परदेशातून कायमचे परतल्यावर आधार आणि आरोग्य कार्ड कसे काढावे?

अठरा वर्षे मस्कतला काढून पत्नी आणि दहा वर्षांच्या मुलासह आपण सांगलीला कायमचे परतत आहात, तिघांकडेही भारतीय पासपोर्ट आहेत पण आधार एकाकडेही नाही, आणि 'आरोग्य कार्ड' म्हणजे नेमके कोणते काढायचे, असे आपण विचारले आहे. मी २०२२ साली दोह्याहून कोल्हापूरला परतलो, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत आधी भारतातील मोबाइल क्रमांक घ्यावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर येणाऱ्या ओटीपीवर अडते. कोपऱ्यावरचा दुकानदार सिमसाठी आधारच मागतो. मला ते कंपनीच्या दालनात पासपोर्टवर मिळाले.

त्यानंतर आधार. वैध भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नागरिकाला आता १८२ दिवस थांबावे लागत नाही. ही अट २०१९ मध्येच काढली गेली, आणि आता ती परदेशी पासपोर्ट असलेल्यांनाच लागू आहे. तरीही मी गेलो त्या केंद्रावर मला "सहा महिन्यांनी या" असे सांगण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी नियमाची छापील प्रत पुढे ठेवल्यावरच नोंदणी झाली. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल, तर सध्याच्या पत्त्याचा मान्य पुरावा सोबत न्यावा. मुलाच्या नोंदणीला पालकाचे आधार लागते, म्हणून आपण दोघांनी आधी नंबर लावावा.

पावती छापण्यापूर्वी पडद्यावरचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे असतेच, परंतु मराठी नाव संगणक आपोआप उतरवतो आणि तिथे गडबड होते. माझ्या पत्नीचे माहेरचे आडनाव वैद्य. पासपोर्टवर तेच आहे, आणि पडद्यावर मात्र 'वैद्या' उमटले होते. ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतले. विवाहानंतर आपल्या पत्नीचे नाव बदलले असेल आणि पासपोर्टवर जुनेच असेल, तर आधी पासपोर्ट बदलणे शहाणपणाचे, कारण बँक, पॅन आणि रेशनकार्ड अशा सगळ्या ठिकाणी पुढे आधारावरचेच नाव जुळवले जाते.

आता आरोग्य कार्ड. लोक ज्याला या नावाने ओळखतात त्या वस्तू निदान दोन आहेत. 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक आपल्या तपासण्यांच्या नोंदी एकत्र जोडण्यासाठी आहे. आधार असल्यास तो काही मिनिटांत मोफत मिळतो, परंतु त्यावर एक रुपयाचाही उपचार होत नाही. उपचारांसाठी उपयोगी पडते ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जिच्यात पांढऱ्यासह सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. रेशनकार्ड नसल्यास अधिवास दाखला चालतो, पण त्याला महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य दाखवावे लागते, जे अठरा वर्षे मस्कतला राहिलेल्याला सोपे नाही. तेव्हा वडिलांच्या रेशनकार्डावर आपले नाव अजून आहे का, हे आधी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारावे. मला तिथे दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

या योजनेतले उपचार ठरलेल्या यादीपुरते असल्याने खासगी विमाही घ्यावा, आणि तो परतण्याआधी किंवा परतताच घ्यावा: आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते आणि ती पॉलिसीच्या तारखेपासून मोजली जाते.

आपल्या आईवडिलांपैकी कोणी सत्तरीच्या पुढे असल्यास, उत्पन्न कितीही असले तरी, त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचे केंद्र सरकारचे मोफत उपचारांचे कार्ड, निघते. वय आधारावरूनच धरले जात असल्याने त्यांच्या आधारावरील जन्मतारीख मात्र आधी तपासून घ्यावी. माझ्या वडिलांच्या आधारावर त्यांचे वय चार वर्षांनी कमी लागले होते.