सीपीयूवर लाईट लुकलुकतोय पण मॉनिटरवर नो सिग्नल, मागची कुठली वायर कुठे लावायची?

तुम्ही लिहिलंय की मुलीसाठी जुना डेस्कटॉप घेतला, पुढचा बारका लाईट सारखा लुकलुकतोय आणि मॉनिटरवर नो सिग्नल येतंय, मशीन बिघडलेलं गळ्यात मारलं का. मला तरी तसं वाटत नाही, उलट तो लुकलुकणारा लाईट चांगली खूण आहे. त्याच्याजवळ बहुतेक उभ्या डब्यासारखं चिन्ह असेल, म्हणजे तो हार्डडिस्कचा. डिस्कवर लिहिणं-वाचणं चाललं की तो लुकलुकतो, म्हणजे आत बहुतेक विंडोज चालू होतंय, फक्त ते तुम्हाला दिसत नाहीये. दुसरा लाईट पॉवरचा, तो स्थिर राहतो, आणि तोच जर हळूहळू चालू-बंद व्हायला लागला तर बऱ्याच मशीनमध्ये त्याचा अर्थ स्लीपमध्ये गेलंय एवढाच.

आता सीपीयू फिरवून मागे बघा. मॉनिटरची वायर लावायची जागा दोन ठिकाणी आहे का? वरती युएसबीच्या शेजारी एक, ती मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य पाटीची. आणि खाली एका आडव्या पट्टीत आणखी एक असेल तर ती ग्राफिक्स कार्डची, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाची. कार्ड असेल तर वायर खालीच लावायची, वर लावली की बरेचदा हेच नो सिग्नल येतं. मी पहिल्यांदा पीसी जोडला तेव्हा अख्खी दुपार ह्यात घालवलीये, रॅम काढून पुसून परत लावली, आणि वायर आपली वरच्या भोकात! कार्ड नसेलच तर मॉनिटरचं सोर्सचं बटण दाबून बघा, वायर एचडीएमआयची आणि मॉनिटर व्हीजीएवर (हे मॉनिटरच्या वायरींचे दोन प्रकार) सेट असं पण होतं.

बाकीचं सोपं आहे कारण १९९९ च्या सुमारास पीसी ९९ नावाच्या नियमावलीत मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने मिळून मागच्या भोकांचे रंग ठरवून दिले, ते अजून बऱ्यापैकी चालतात. पोपटी भोक स्पीकर-हेडफोनचं, गुलाबी माईकचं. छोट्या गोल पिनांचे जुने कीबोर्ड-माऊस असतील तर जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं, पण ते मशीन बंद असतानाच लावा आणि जोर करू नका, आतल्या पिना लगेच वाकतात. युएसबीमधले आतून निळे असतात ते फास्ट, पेनड्राईव्ह तिथे लावा, कीबोर्ड-माऊसला काळे पुरतात. नेटची वायर लावल्यावर त्या भोकाच्या कोपऱ्यातले लाईट बघा, एकही लागला नाही तर मशीनकडे बघायच्या आधी वायर आणि राउटर तपासा.

जुनं मशीन आहे म्हणून एक नक्की बघा. पॉवरची जाड वायर जिथे लागते तिथे छोटा लाल सरकता स्विच आहे का? असेल तर त्यावर २३० दिसलं पाहिजे. ११५ वर असेल आणि आपल्याकडची वीज दिली तर फट्कन आवाज येऊन पॉवर सप्लाय जातो. तुमचं चालू होतंय म्हणजे २३० वरच असणार, पण मुलांची बोटं कुठेही जातात, त्यावर चिकटपट्टी लावून टाका. स्विच नसेल तर प्रश्नच नाही.

पुढचं पॉवर बटण एकदा दाबलं तर विंडोज नीट बंद होतं, पण दाबून धरलं तर साधारण ४ सेकंदात धाडकन बंद, ते मशीन पार अडकलं तरच करायचं आणि शक्यतो तो डिस्कचा लाईट थांबल्यावर.

आणि हो, टेबलाखाली हात घालून अंदाजाने युएसबी लावू नका, ती नेटच्या भोकात पण मस्त बसल्यासारखी वाटते, माझा माऊस दोन दिवस तिथेच होता.